हाताला कळतं

४ फेब्रुवारी, मंगळवार

तुटला! मागच्या कोपऱ्यातला, सगळ्यात अडचणीतला. कट्ट — एवढाच आवाज. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते, तरी ऐकू आला. त्यामागून ह्यांची एखादी ठेवणीतली शिवी यायला हवी होती. आली नाही. म्हणूनच बाहेर गेले.

हे बॉनेटखाली वाकलेले. पान्याच्या तोंडात नट आणि नटात स्टडचा तुकडा. दाताच्या डॉक्टरने उपटलेली दाढ दाखवावी तसा माझ्यापुढे धरला.

"गंजलेला होता."

गंजलेला वाटला नाही मला. तुटलेली कड लख्ख चकाकत होती.

लग्नाआधी मला खिळा आणि स्क्रू यांतला फरक कळत नव्हता. आता वर्कशॉपच्या मास्तरांशी संसार करून सगळं पाठ आहे. इंजिनाच्या कुशीला लोखंडी पंजासारखं असतं ते एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. जळका धूर गोळा करून मागच्या नळीत सोडतं. त्या पंजाला इंजिनाशी धरून ठेवतात ते स्टड. डोकं नसलेले बोल्ट. एक टोक इंजिनात रुतलेलं, दुसऱ्यावर नट. "बिनडोक, पण जबाबदार," हे वर्गात सांगायचे, "म्हणजे आमच्या प्राचार्यांच्या अगदी उलट."

महिनाभर म्हातारी (आमची गाडी) सकाळी शिलाई मशीनसारखी टकटक करत होती. पंजामागचं पॅकिंग फाटलं होतं. ते ह्यांनी बदललं, पंजा बसवला, आणि शेवटचा नट आवळताना हे झालं. मोजून आवळायचा पाना लेकीने मागे भेट दिलाय. पेटीत नवाकोरा पडून आहे. "हाताला कळतं," हे उत्तर ठरलेलं.

लेकीची तारीख याच महिन्याच्या शेवटी. जावई जहाजावर, एप्रिलशिवाय येत नाहीत. तिच्याजवळ आम्हीच. आणि ह्यांनी सागवानाचा पाळणा केलाय, तो सुटा केला तरी बसमध्ये मावत नाही. म्हणजे गाडी हवीच. आणि गाडी म्हणजे घाट.

६ फेब्रुवारी

पंजा पुन्हा काढला. इंजिनातून नखाएवढा तुकडा बाहेर डोकावतोय. त्यावर हे गंज सोडवायचं तेल सोडताहेत, सकाळ-संध्याकाळ, आजाऱ्याला औषध पाजावं तसं.

लेकीचा फोन. "बाबा चालवणार?"

"मग कोण?"

"बसने या ना."

"आणि पाळणा?"

"पाळणे बाजारात मिळतात, आई. बाबा नाही मिळत."

ह्यांना फक्त पहिलं अर्धं सांगितलं. तिच्या मनात फाटकाचा खांब आहे. गेल्या महिन्यात गाडी आत घेताना ह्यांनी तो घासला. ब्रेक उशिरा लागला. "चप्पल अडकली पायात," म्हणाले होते. असेल. चपला जुन्या झाल्यात खऱ्या.

७ फेब्रुवारी

तुकडा पकडीने धरून फिरवायचा प्रयत्न. पकड घसरली. पुन्हा घसरली. "पकड बोथट झालीये," हे म्हणाले. मी बाजूला उभी होते. पकड बोथट नव्हती, नीट धरलीच जात नव्हती.

आज नुसतंच आठवत बसले. लेक शाळेत होती तेव्हा रोज मीच चालवायचे ही गाडी. खाली उशी लागायची. सीट पुढे ओढायची, आरसा खाली वळवायचा. संध्याकाळी परत सगळं ह्यांच्या मापाचं करून ठेवायचं. एकदा विसरले, तर ह्यांचे गुडघे स्टिअरिंगला! केवढं रामायण झालं होतं. हे निवृत्त झाल्यावर गाडी पूर्ण ह्यांचीच झाली. मीही दिली. बरं वाटायचं, शेजारी बसून बाहेर बघायला. लायसन्स मात्र वाचनालयाच्या सभासदत्वासारखं चालू ठेवत आलेय.

गेल्या वर्षी गॅरेजवाल्याने (ह्यांचाच जुना विद्यार्थी) गाडी नेली तेव्हा सीट हलवली. आठवडाभर कुरकुर. "माझी सीट आणि माझा आरसा — देवाने सुद्धा हात लावायचा नाही."

९ फेब्रुवारी, रविवार

आज शेक द्यायचा प्रयोग. छोट्या गॅसच्या ज्योतीने तुकड्याभोवतीचं लोखंड तापवायचं आणि तापलेल्या फटीला मेण लावायचं. मेण पातळ होऊन आट्यांमध्ये, म्हणजे स्टडच्या वळ्यांमध्ये, आत शिरतं, जिथे तेल पोचत नाही तिथे. मला खरं वाटेना.

घरात लेकीने दिलेल्या मेणबत्त्या होत्या, गुलाबाच्या वासाच्या. "इंजिनाला काय अत्तर लावायचंय?" म्हणाले. मग कपाटातली ती काढली, माझ्या कॉन्व्हेंट शाळेच्या शेवटच्या दिवशी चॅपेलमध्ये सिस्टरने प्रत्येकीच्या हातात दिलेली. अर्धी जळालेली, पिवळी पडलेली. इतकी वर्षं प्रत्येक घरबदलात बरोबर आली. कशासाठी जपत होते? यासाठीच म्हणायचं! ह्यांनी ज्योत धरली, मी मेणबत्ती टेकवली. फस्स — आणि मेण खरंच आत गेलं, कोणी आतून ओढून घेतल्यासारखं. वास आला आणि क्षणभर मी निळ्या फ्रॉकमध्ये, गुडघे टेकून, पुढच्या मुलीच्या वेणीकडे बघत.

मग ते झालं. तापलेला एक वॉशर कडेला पडला होता. ज्योत नुकतीच त्यावरून गेली होती. बोलता बोलता, टेबलावरचा पावाचा चुरा सारावा तसा, ह्यांनी तो दोन बोटांनी बाजूला सारला. बोटं टेकलेलीच राहिली. बोलणं चालूच. "अगं, तेव्हाच्या इंजिनांचं लोखंड म्हणजे —"

मी त्यांचं मनगट धरून ओढलं.

"काय गं?"

"वॉशर गरम होता."

"हो? एवढा नसेल."

१० फेब्रुवारी

दोन बोटांना टपोरे फोड. "दुखतंय का हो?" "नाही गं, मुळीच नाही." मोठं धैर्य दाखवतोय असा चेहरा. धैर्य नाही ते. मला कळलंय.

११ फेब्रुवारी

चहा दिला आणि समोर बसले. उठले नाही.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

मी नुसतं बोटांकडे पाहिलं. कप खाली ठेवला त्यांनी, दोन्ही हातांनी. आता लक्षात येतंय, हल्ली दोन्ही हातांनीच ठेवतात.

"पावसाळ्यापासून. हातमोजे घातल्यासारखं वाटतं. शर्टाचं बटण लागलं की नाही, बघूनच कळतं."

म्हणजे त्या दिवशी स्टड नाही, ह्यांचा हात फसला. कुठे थांबायचं हे हाताने सांगितलंच नाही, म्हणून आवळतच गेले.

"आणि पाय?"

त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"चप्पल अडकली नव्हती तर."

"नव्हती."

"डॉक्टर?"

"बाळ येऊ दे. मग दाखवतो. आत्ता कशाला घरात आणखी एक पेशंट?"

"आणि घाट?"

"घाट मला पाठ आहे."

"घाट पाठ असेल हो! ब्रेक किती दाबलाय ते पायाला कोण सांगणार?"

एवढ्या मोठ्याने मी ह्यांच्याशी कधी बोलले नव्हते. शेजारच्या खिडकीतला रेडिओ बारीक झाला. हे उठले, शेडमध्ये गेले, आपल्या सीटवर बसले आणि दार लावून घेतलं. बंद गाडीत, बॉनेट उघडं, समोरचं काहीही दिसत नाही अशा गाडीत. जेवायची वेळ होईपर्यंत.

१३ फेब्रुवारी

अबोला. "मीठ", "फोन वाजतोय", "दूध आलं". बस्स.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ह्यांनी स्वतःच गॅरेजवाल्याला फोन केला! "वेल्डिंगचं यंत्र घेऊन ये. आणि माझ्या सीटला हात लावू नकोस."

तो हसतच आला. "सर, सीट नाही, नुसता स्टड." पोट सुटलंय आता त्याचं, पण सरांसमोर अजून हात मागे बांधून उभा राहतो. बॅटरीची वायर सोडली, तुटक्या तुकड्यावर एक नट ठेवला आणि नटाच्या भोकातून दोन्ही एकजीव करून टाकले. निळा लखलखाट — मी पाठ फिरवून उभी. थोडं निवू दिलं. मी पुन्हा मेण टेकवलं. मग त्याने पान्यासाठी हात पुढे केला.

हे म्हणाले, "तू नको. ती फिरवेल."

"काकू?"

"काकूच. माझी बोटं गेली आता. तिच्या हाताला कळतं."

सहज म्हणाले. पाऊस येईलसं दिसतंय म्हणावं तसं. गॅरेजवाला ह्यांच्या बोटांकडे बघत राहिला, मग जमिनीकडे. मला पाना कुठून धरायचा ते सुचेना.

"ओढू नकोस," हे माझ्या खांद्यामागून. "पुढे जरासा, मागे जरासा. सैल झाला म्हणून हावरटपणा नाही."

हे तर मला ठाऊक होतं! भरतकामाच्या तासाला सिस्टर हेच सांगायच्या, म्हटलं मी ह्यांना — गुंता ओढला की गाठ बसते. गाठीला विचारत जा, ती आपणहून वाट देते. मी विचारत गेले. सुरुवातीला काहीच नाही, दगड. मग पान्यातून तळहातात एक बारीकशी कुरकुर आली. ऐकू नाही, हाताला.

"हलला."

"मला काही दिसलं नाही," गॅरेजवाला.

"तिला कळलं ना, मग हलला," हे. "थांब. आता उलटा."

पुढे, मागे. तेल. पुढे, मागे. मान अवघडली, कोपराला इंजिनाची काजळी लागली, चष्मा नाकावरून घसरत होता आणि हे तो मागून वर सारत होते. शेवटी आला! अख्खा, आट्यांसकट, टोकाला सिस्टरचं मेण.

गॅरेजवाल्याने टाळ्या वाजवल्या. "काकू, सोमवारपासून कामावर या."

"पगार झेपायचा नाही तुला," हे म्हणाले. अबोला सुटला. कोणाचा आधी, देव जाणे.

१६ फेब्रुवारी

नवा स्टड मी बसवला. आधी नुसत्या बोटांनी, आट्यांना तांब्याचं वंगण लावून, म्हणजे पुन्हा कधी काढायचा झाला तर कुणाला छळणार नाही. पंजा, पॅकिंग, नट. लेकीने दिलेला मोजून आवळायचा पाना पहिल्यांदा पेटीतून बाहेर आला. टिक्‌ म्हणाला की थांबायचं. "बरं यंत्र आहे," हे म्हणाले. इतकंच. पण पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवला.

गाडी चालू केली. टकटक नाही! दोघं बॉनेटपाशी उभे राहून ती शांतता ऐकत राहिलो.

डॉक्टरांची वेळ घेतली आहे, परतल्यानंतरची. ते ह्यांनी मानलं. घाटाचं मात्र कोणीच बोललं नाही. हात गेले, विद्यार्थ्यासमोर पाना माझ्या हाती दिला — एका आठवड्यात आणखी किती मागायचं एका माणसाकडे?

१९ फेब्रुवारी, बुधवार

लेकीचा फोन. तपासणीत डॉक्टर म्हणाल्या, आठवडाभर आधीही होईल. उद्या सकाळीच निघायचं. पाळण्याचे भाग सुटे करून मागे रचले, बाळाची दुपटी, माझं औषध.

किल्ली खुंटीला आहे. येता-जाता बघतेय. उद्या ती मी घेणार. ह्यांनी हात पुढे केला तरी देणार नाही. रागावले तर रागावू देत. बोलले नाहीत तर सबंध घाट बोलू नयेत. पण लेकीला बाप पोचता करायचाय मला. मनात वाक्यं जुळवून ठेवली आहेत. एकही बरं नाही.

२० फेब्रुवारी

घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबलोय, तेवढ्यात लिहिते.

सकाळी खुंटीवर किल्ली नव्हती. जुळवलेली सगळी वाक्यं तोंडाशी आली. तावातावाने शेडमध्ये गेले.

किल्ली गाडीलाच लावलेली. ड्रायव्हरची सीट पुढे ओढलेली, पार पुढे, आणि तिच्यावर माझी जुनी उशी. माळ्यावरून कधी काढली कोण जाणे! बसले. आरसा खाली वळवलेला होता, बरोबर माझ्या डोळ्यांना.

हे शेजारच्या सीटवर, पट्टा लावून, पाळण्याची एक दांडी मांडीवर.

"चला सिस्टर," म्हणाले. "नात वाट बघतेय."

नातच होणार, हे ह्यांना कोणी सांगितलं?