तळहातावरची लाल वाईन

माय, तू जाऊन इतकी वर्षे लोटली की आता तुला पत्र लिहिणे मला शोभत नाही. तू असतीस तरी तुला ते वाचता आले नसते. चौथीपर्यंत शिकलेल्या मीच ते वाचून दाखविले असते. आज थकवा फार आहे, तरी लिहितो.

तुझी पणती, माझी नात, नाशिककडच्या वाईनच्या कारखान्यात नोकरी करते. काल ती आर्णीला घरी आली, ती लाल वाईनची बाटली घेऊन. दोन जातींच्या द्राक्षांचे मिश्रण, साध्या माणसाला परवडेल आणि रुचेल असे. तिने स्वतः जमविलेले पहिलेच. तिच्या बापाने बाटली ओसरीवरच अडविली. आपल्या घरच्या मुलीने दारू गाळावी काय, असे तो म्हणाला. आबांनी मान्य केले तरच पुन्हा कामावर जाशील, असेही म्हणाला. मी जन्मात थेंबाला शिवलो नाही, हे त्याला ठाऊक आहे. पोर माझ्यापुढे येऊन बसली. "आबा, बाकी काई नका बोलू. फक्त चव सांगा."

पेला मी नाकारला आणि तळहात पुढे केला. तुझा उपास असायचा त्या दिवशी तू चुलीपुढे असाच माझा हात धरायचीस, चव पाहण्यासाठी त्यावर कढी टाकायचीस, फुंकर घालायचीस. एकदा खेळण्याच्या घाईत मी न चाखताच चांगली आहे म्हणालो. पाहुण्यांच्या पानात खारट कढी गेली. "मले खूश कराले नको सांगू," तू म्हणालीस. "जिभेले लागलं थेच सांग."

मागच्या मोठ्या दुखण्यानंतर माझ्या जिभेला चव कळत नाही, हे घरात कोणालाही सांगितलेले नाही. सून वाढते ते मुकाट्याने जेवतो आणि मानाने उठतो. म्हणून भय वाटले. काहीच लागले नाही, तर पोरीला काय सांगावे? पण लागले. आधी आंबट, मग जांभूळ खाल्ल्यासारखे तुरट, आणि गिळल्यावर घशात मंद ऊब. तसेच सांगितले. तुरटपणा जरा कमी कर, आमच्यासारख्यांना एकदम झेपत नाही, हेही सांगितले.

ती हसली. "बाबा म्हणत होते, आबा शिव्या देतील. तुमी तं दुरुस्ती सांगून राह्यले."

तिला उद्याच्या गाडीत बसवून दे, असे मी मुलाला सांगितले. बाटलीवर ऊन आले होते, ती त्याने सावलीत सरकवली.

आणखी थोडी देऊ का, असे पोरीने विचारले. मी नको म्हणालो. हे पत्र कोठेही जायचे नाही, म्हणून लिहितो. माय, हवी होती.