रकान्यात न बसणारं पाणी

७ एप्रिल २०२५, कळमनुरी

रुजू झाले! पिण्याचं पाणी तपासणारी ही प्रयोगशाळा दोनच खोल्यांची आहे, पण काचसामान लखलखीत. ते सारं श्रेय तंत्रज्ञ मुबश्शीरभाईंचं. त्यांनी चहा पाजला. तुमच्या आवाजानं इनक्युबेटरलाही जाग येईल, असं म्हणाले. येऊ दे. कॉलेजात वक्तृत्वाचा एकही करंडक मी दुसऱ्याच्या हाती जाऊ दिला नाही. लेकराच्या पेल्यात काय आहे, हे छातीठोकपणे सांगता येणं, याहून मोठं काम कोणतं? साहेबांनी मात्र सुनावलं, इथं बोलायचं कमी आणि महिन्याला नमुने तीनशे.

१६ एप्रिल

कामाची रीत अशी. प्रत्येक गावात एक जलसुरक्षक असतो. तो विहिरी-हापशांचं पाणी बाटल्यांत भरतो, लेबल चिकटवतो आणि जीपवाल्याकडे देतो. आम्ही क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, जंतू तपासून अहवाल देतो. आज टेकडीतांड्याचे सहा नमुने आले, त्यात नव्या विहिरीचाही होता. सगळे योग्य निघाले. मी सही केली.

२४ एप्रिल

डोकं फिरलंय. सहाही नमुन्यांचा हार्डनेस ३१२. सहा वेगळे झरे आणि आकडा एकच? जलसुरक्षक नेमसिंगला बोलावून घेतलं. त्याने जराही न लाजता कबूल केलं. नवी विहीर टेकडीमागं, चढण मोठी, म्हणून साऱ्या बाटल्या त्यानं दारातल्या बोअरवरच भरल्या.

“पाणी ते पाणीच न, म्याडम. लेबलं तर बराबर लावले होते.”

मुबश्शीरभाई हसले. मी नाही हसले. जी विहीर मी पाहिलीही नाही तिचं पाणी लोक माझ्या सहीवर पीत आहेत. साहेबांकडे अहवाल रद्द करायला गेले, तर म्हणाले, सिस्टिममध्ये चढलेला अहवाल मागे येत नाही. मग माणसं तरी मागे येतात का, साहेब?

२८ एप्रिल

स्वतः गेले. नेमसिंग टेकडीच्या पायथ्याशी, आपल्या घरापाशीच थांबला, पायाची तकलीफ सांगून. तांड्यावर पोरं क्रिकेट खेळत होती. चेंडू उडाला, झेल सुटला, पण एकही पोरगं ओरडलं नाही. बायका धुणं धूत होत्या, नुसताच कपडे आपटल्याचा आवाज.

मी विहिरीची बाटली भरून घेतली. हातावर ‘रुक्माबाई’ गोंदलेल्या म्हातारीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. न तपासलेलं पाणी पिऊ नये, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. पण तांड्यावरच्या बाईच्या हातचं पाणी नाकारायचं? पाणी नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं, हे मी शंभर व्यासपीठांवरून सांगितलंय. तांब्या रिकामा केला. पाणी थंडगार होतं. गोडही.

रुक्माबाई एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, लाजते.

३० एप्रिल

निकाल आला. सारं काही मर्यादेत. असं शुद्ध पाणी मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही.

२ मे

विहिरीचं पाणी मी प्याले, हे कळल्यावर नेमसिंग आला आणि खरं काय ते बोलला. चढणीचा त्रास नव्हताच. विहीर झाल्यापासून तिचं पाणी पिणारं एकेक माणूस मुकं होत गेलं. आधी लेकरं, मग बायका, मग सारे. त्याच्या घरी बोअर आहे, म्हणून तो बोलतोय. विहिरीजवळ जायची छातीच झाली नाही, म्हणून त्यानं बाटल्या घरीच भरल्या.

“मी भ्यालो, म्याडम. पन तुमी कायले पेल्या?”

त्याला झापायला लागले. आधी का नाही बोललास, चाळीस घरांचा — आणि पुढचा शब्द आला नाही. घशात काहीच दुखत नव्हतं. शब्दच नव्हता.

६ मे

साहेबांना सगळं सांगितलं, अडखळत. त्यांनी तक्ता समोर ठेवला आणि विचारलं, “आवाज जातो, हे कोणत्या रकान्यात भरायचं?” रकाना नाही, म्हणजे दोष नाही. बारा तारखेपासून अकरा गावांचे टँकर त्याच विहिरीवर भरणार. मंजुरीला माझाच अहवाल जोडलाय. मी टेबलावर मूठ आपटली. बोलायचं खूप होतं. मूठच आपटत राहिले.

९ मे

आईचा फोन. मी बोलले, नक्की बोलले. आई म्हणत राहिली, हॅलो, कोण आहे, आवाज येत नाही.

तहान लागते. दुसरं पाणी नको वाटतं.

११ मे

जिल्ह्याला पत्र लिहायला बसले. चार कागद भरले. मुबश्शीरभाईंनी वाचले आणि माझ्याकडे पाहत राहिले. चारही कागदांवर एकच शब्द. पाणी पाणी पाणी —

हातातूनही जाताहेत. इथं वहीत येतात अजून. थोडे.

१२ मे, विहिरीवर

कठड्यावर बसून लिहिते. टँकर आला. आडवी उभी राहिले. हात पसरले. ड्रायव्हर म्हणाला, काय म्हणनं हाये म्याडम, सांगा न.

तोंड उघडलं. काही नाही.

तांडा जमला. सगळे गप्प. विहिरीत मात्र बोलणं. लेकरांचा ओरडा — झेल, झेल. बायांचं हसणं. खाली, पाण्यात —

आणि मी. माझा आवाज. खणखणीत.

“लाव पाइप, दादा. बिनघोर लाव.”

ड्रायव्हर हसला. बराबर, म्याडम, म्हणाला. पाइप आत सोडला.

मान हलवते आहे. नाही, नाही — तो बघत नाही. मोटार चालू. अकरा गावं. वहीच दाखवते त्याला, मोठ्या अक्षरात

हे पाणी

हे पा