डब्यावर वाढलेली मुलगी

प्रिय तेजल,

तुझा मेसेज काल दुपारी वाचला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण ते दोन ओळींत मावणारं नव्हतं, आणि तुझा फोन तुझ्या घरात कोण कोण उचलतं ते मला चांगलं माहीत आहे. म्हणून कागद घेतला. उल्हासनगरच्या या फर्निचरच्या दुकानात मी पुन्हा बिलिंगला बसायला लागले, हे तुला कळलं असेल. शेठ जेवायला घरी गेलेत. नव्या सोफ्यांवरचं प्लास्टिक पंख्याच्या वाऱ्यानं फडफडतंय आणि गिऱ्हाईक कुणी नाही. सम्यक घरी सासूबाईंकडे असतो. आता धरून उभा राहतो. संध्याकाळी मी दार उघडलं की पर्स ठेवायच्या आत ओढणीला लोंबकळतो. अजून पाजते मी त्याला, सकाळी निघताना आणि आल्यावर. ज्या दुधाबद्दल आपल्या अख्ख्या बिल्डिंगचं आपापलं मत देऊन झालं होतं, तेच दूध.

तुम्ही नदीपलीकडे गावच्या घरी राहायला गेलात, त्यानंतर समोरच्या दारात दुसऱ्यांच्या चपला दिसायला लागल्या. भाडेकरू चांगले आहेत, पण शुक्रवारी लाईट गेली की जिन्यात येऊन बसणारं आता कुणी नाही. आपण बसायचो. तुझं पोट पुढे आलेलं, माझ्या मांडीवर सम्यक, आणि हेंद्रेपाड्यातल्या सगळ्या घरांच्या भानगडी आपल्या तोंडी. बुद्धपौर्णिमेला मी खीर आणली, तर तू ती जिन्यातच उभ्यानं खाल्लीस आणि वाटी माझ्या मोरीत धुऊन दिलीस. घरात नेली असती तर तुझ्या सासूबाईंनी, विठाकाकूंनी, काय केलं असतं ते तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. त्यावर आपण कधी बोललो नाही. खीर आवडली म्हणालीस, वेलदोडा जास्त पडला म्हणालीस, आणि विषय संपला.

तेव्हा माझ्या डोक्यात एकच विचार असायचा. सम्यकला पुरतंय का? तीन महिन्यांचा झाला आणि अचानक सारखा प्यायला लागला. सोडला की रडायचा, घेतला की ओढायचा. आधी छाती दगडासारखी घट्ट व्हायची, ब्लाउज भिजायचे. मग सगळं मऊ पडलं, आणि मला वाटलं, संपलं. सासूबाई बुवापाड्याहून माझ्या बाळंतपणाला आल्या होत्या त्या परत गेल्याच नाहीत. रोज शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, अळिवाची खीर. मी खात असताना समोर बसून त्या पोराच्या मांड्या चाचपायच्या आणि म्हणायच्या, अंगावर काही धरत नाही. वरच्या मजल्यावरच्या संजीवनीताई त्यांचा गुटगुटीत नातू मुद्दाम आमच्या खाटेवर आणून ठेवायच्या, सम्यकच्या शेजारी, म्हणजे फरक नीट दिसावा. माझ्या नवऱ्यानं, प्रज्योतनं, दूध काढायचा पंप आणला. अर्धा तास दाबून बाटलीचा तळ जेमतेम ओला झाला, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग त्यानं पावडरचा डबा आणून फळीवर ठेवला. म्हणाला, असू दे, लागला तर. चांगल्या मनानंच म्हणाला. पण तो डबा येता-जाता मला नापास झाल्याचं प्रगतिपुस्तक वाटायचा.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सम्यकला वजनकाट्यावर ठेवलं आणि विचारलं, लंगोट ओले होतात ना? खेळतो ना? वजन वाढतंय, बारीक चणीचा आहे एवढंच. छाती मऊ पडली म्हणजे दूध गेलं असं नसतं, तो मागेल तेवढं पाज, मागणी वाढली की येणंही वाढतं. मी मान डोलावली. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, डॉक्टरला काय, तिला कुठं पाजायचंय. आणि खरं सांगते, मलाही डॉक्टरपेक्षा सासूबाईंचंच खरं वाटत होतं.

मग तू बाळंत झालीस. त्यानंतरचं बरंचसं तुला माहीत नाही, कारण तू तापात होतीस. जुई तीन आठवड्यांची असताना तुझ्या टाक्यांत पू झाला, ताप उतरेना, तुला उल्हासनगरला नेलं आणि सरळ आयसीयूत घेतलं. बाळाला आत न्यायची परवानगी नव्हती. जितेशभाऊ तुझ्यापाशी, आणि इकडे विठाकाकू एकट्या त्या एवढ्याशा जिवाला घेऊन. बाटलीचं बूच जुई जिभेनं ढकलून द्यायची. चमच्यानं पाजलं की उलटी. पहिला दिवस मी समोरच्या दारातून तिचं रडणं ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते ऐकू येईना, आणि मला जास्त भीती वाटली. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे, संध्याकाळपर्यंत पोटात काही टिकलं नाही तर ॲडमिट करून सलाईन लावू.

त्याच दुपारी बेल वाजली. दारात विठाकाकू, छातीशी टॉवेलात गुंडाळलेली जुई. दोन वर्षांत त्या आमच्या उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या. त्या दिवशी चपला काढून थेट आत आल्या आणि मुलगी माझ्यापुढे धरली.

"पोरीला जगव गो बाय. तुझ्याकरं दूध हाय."

मी लगेच हात पुढे केले नाहीत, तेजल. माझ्या मनात काय आलं ते तुझ्यापासून लपवणार नाही. तू कोण, मी कोण, काकू कोण, यातलं काही आलं नाही. मनात आला फक्त सम्यक. ज्याला एकट्याला पुरत नाही, त्याच्या तोंडचं अर्धं काढून द्यायचं? मी सासूबाईंकडे बघितलं. मला खात्री होती, नाही म्हणणारं माणूस माझ्या घरात आहे आणि ते काम त्या करतील. त्या उठल्या, जुईच्या ओठांवरून बोट फिरवलं. कोरडे होते ते. मग मला म्हणाल्या, "आधी हिला घे. आपलं रडून रडून झोपंल."

सम्यक खरंच रडून झोपला. जुईला ओढायचीही ताकद नव्हती. मी हातानं पिळून थेंब तिच्या ओठांवर पाडत राहिले. केव्हातरी तिनं धरलं. पुढे ऐकू आला तो घुटक्यांचा आवाज, आणि विठाकाकू खाली फरशीवर बसल्या, पदर तोंडावर घेऊन. सासूबाईंनी त्यांना चहा दिला. आमच्या कपात. त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. संध्याकाळी मी जुईला आणि माझ्या बाळंतपणातल्या तपासण्यांचे कागद घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रिपोर्ट बघितले, मुलीला तपासलं, आणि म्हणाल्या, पाज, पण रोज मला दाखवायला आण.

पहिले काही दिवस वाईट गेले. सम्यक चिडायचा, चावायचा, छातीवर मुठी मारायचा. दोघांना दोन बाजूंना घेऊन मी भिंतीला टेकून बसायची आणि सासूबाई मला घास भरवायच्या, मी जणू तिसरं लेकरू. अशाच एका दुपारी त्या आपणहून बोलल्या. प्रज्योतच्या आधी त्यांना मुलगी झाली होती. सासरे काडेपेटीच्या कारखान्यात, सासूबाई लोकांच्या घरी भांडी घासायला जायच्या आणि मुलीला शेजारी पेज पाजायचे. ती पावसाळ्यात जुलाबानं गेली. सगळे म्हणाले, आईचं दूध पुरलं नाही. बाई, चाळीस वर्षं ते वाक्य त्या पोटात घेऊन फिरल्या आणि माझ्यापाशी येऊन रोज मलाच ऐकवत राहिल्या. मी त्यांना म्हटलं, आई, तुम्हाला घरी बसू दिलं असतं तर पुरलं असतं. त्यांनी पुढचा घास माझ्या तोंडात घातला. पण त्यानंतर सम्यकच्या मांड्या चाचपणं बंद झालं.

आणि मग एका सकाळी उठले तर गाऊन चिंब. दोघं पिऊन झोपले तरी दूध गळत होतं. मी वाडगा धरून बसले आणि हसत सुटले. माझ्यात कमी काहीच नव्हतं, तेजल. मला कमी आहे असं सांगणारी माणसं तेवढी जास्त होती. पुढच्या वेळी सम्यकचं वजन केलं तर ते आधीच्यापेक्षा चांगलं वाढलेलं. संजीवनीताई नातवाला घेऊन आल्या तेव्हा मी सम्यकला त्याच्या शेजारी स्वतःहून ठेवलं. अजूनही बारीकच दिसला तो. म्हटलं, दिसू दे.

तू घरी आलीस तो दिवस मला विसरता येत नाही. दोन आठवडे होऊन गेले असतील. जितेशभाऊंनी तुला धरून जिना चढवलं. मी तुमच्याच खोलीत, तुमच्याच पलंगावर बसून जुईला पाजत होते. तू बघितलंस आणि भिंतीकडे तोंड केलंस. मला वाटलं, आता ही मला कधी माफ करणार नाही. औषधांनी तुझं दूध आटलं होतं. विठाकाकू म्हणाल्या, गेलं ते गेलं. मी म्हटलं, तिला ठरवू द्या. तू हळूच ब्लाउजची बटणं काढलीस आणि मी जुईला तुझ्याकडे दिली. त्यानंतर रोज आधी तुझ्याकडे, मग माझ्याकडे, आणि तिला थोडी ताकद आल्यावर वर वाटीनं पावडरचं दूध. तुझं आलं, थोडंच आलं, पण आलं. पूर्ण पुरेल एवढं आलं नाही म्हणून तू रडायचीस तेव्हा मी तुझ्यावर ओरडले होते, आठवतं? फळीवरचा आमचा डबा मीच आणून तुझ्या ओट्यावर ठेवला होता. पोर वाढणं महत्त्वाचं. डब्याला लाजू नकोस, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

लाजायची गोष्ट वेगळीच झाली. बारशाच्या दिवशी. तुझ्या माहेरचे, गावचे, सगळे जमले होते. मी निळी साडी नेसून आले, सम्यक कडेवर. कुणीतरी विठाकाकूंना विचारलं, आई दवाखान्यात आणि पोर एवढी तरतरीत कशी? काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग पाळण्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "डब्यावर वाढली." बायका म्हणाल्या, हल्ली डबे चांगले असतात. माझ्या हातात घुगऱ्यांची वाटी होती. मी तुझ्याकडे बघत होते. तू दोरी ओढत राहिलीस. सम्यक कुरकुरला, मी त्याला हळूच समजावलं, तेव्हा जुईनं माझा आवाज ओळखून मान वळवली, ती एकटीच. मी घुगऱ्या खाल्ल्या, नाव ऐकलं आणि घरी आले. काही बोलले नाही, कारण तू अजून धड उभी राहू शकत नव्हतीस आणि तुला त्याच घरात राहायचं होतं. पंधरा दिवसांत तुम्ही गावी गेलात. प्रज्योत म्हणाला, सोड, मोठं मन कर. सासूबाई म्हणाल्या, मन कशाला मोठं करायचं, खरं बोलायला काय मन लागतं?

आणि काल तुझा मेसेज. रविवारी जुईचं उष्टावण आहे, नक्की ये, सम्यकला आण, फक्त ते कुणासमोर बोलू नकोस, आईंना लागेल. तेजल, ‘ते’ म्हणजे काय गं? ते चोरीचं होतं का? मला आभार नकोत. तुझ्या सासूला चार माणसांत खाली बघायला लावायचं असतं तर बारशालाच लावलं असतं. त्या माझ्या दारात आल्या, ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी हिंमत होती असं मी मानते, आणि ती त्यांनी स्वतःच पुसून टाकावी याचं मला वाईट वाटतं. पण जुई मोठी होणार आहे. आपण कुणाच्या दुधावर तगलो ते तिला कळलं पाहिजे, आणि ते कळून तिनं नाक मुरडायचं की नाही, हे ती घरात काय ऐकते त्यावर ठरणार आहे. म्हणून हे पत्र. मी रविवारी येणार. सम्यकही येईल आणि सासूबाईही येणार आहेत, त्यांनी साडी काढूनसुद्धा ठेवलीय. मामाच्या मांडीवर बसून जुई पहिला घास खाईल तेव्हा मी लांब दारापाशी उभी राहणार नाही, पुढे बसेन. कुणीतरी विचारेलच, ही कोण? आधी मी तुझ्याकडे बघेन. तुला सांगायला मिळावं म्हणून जरा थांबेन. तू नाही सांगितलंस, तर मी सांगेन, मोठ्यानं, आणि विठाकाकूंच्या डोळ्यांत बघून सांगेन.

तुझीच, आणि जुईचीही,
मैत्रेयी