हाडांत मुरलेलं शिसं

प्रिय बबडी,

फोनवर तू ‘बरी आहेस ना’ विचारतेस, मी ‘बरी आहे’ म्हणते आणि मग दोघीही दुसरीने काहीतरी बोलावं म्हणून थांबतो. वर्षभर हेच चाललंय. कागदाचं बरं असतं, शब्द सापडला नाही तर पेन खाली ठेवता येतं. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी पायाचं. तुला मी ‘पाय मुरगळलाय’ एवढंच सांगितलं होतं, ते खोटं होतं. बाबांच्या कामाच्या कपड्यांची बादली घेऊन न्हाणीघराच्या पायरीवरून उतरताना घसरले आणि नडगीचं हाड मोडलं. एकच पायरी गं! शेजारची शिंपीणबाई म्हणाली, “वहिनी, मी माळ्यावरून पडले तेव्हा नुसतं कोपर खरचटलं होतं, तुमची हाडं काय बिस्किटाची आहेत?” हसले मी तेव्हा. प्लास्टर घातलं. दोन महिन्यांनी फोटो काढला तर फट तशीच. तीन महिने झाले, चार झाले, पाच झाले, फट जागची हलेना. आधीचे डॉक्टर ‘वय झालं, दूध प्या’ म्हणून वाटेला लावायचे. चोपन्न म्हणजे काय वय झालं?

शेवटी बाबा मला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. तिथली हाडांची डॉक्टरीण तुझ्याच वयाची, केस कसेबसे बांधलेले. तिने पायाकडे नंतर बघितलं, आधी माझे हात हातात घेतले. “ही बोटं कधीपासून सुजतात?” मी म्हटलं, आठ-दहा वर्षं झाली, सकाळी मूठ वळत नाही, गोळी घेतली की दुपारपर्यंत सैल होतात. मग तिने विचारलं, घरात कोण काय काम करतं? इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. बाबांची छाती फुगली. “बॅटऱ्यांचं काम. जुन्या फोडतो, शिसं वितळवतो, नव्या प्लेटा ओततो. पस्तीस वर्षं झाली. माझ्यासारखी प्लेट इथे कुणाला जमत नाही.” तिचं लिहिणं थांबलं. कुठे करता? घरामागच्या शेडमध्ये. कपडे कोण धुतं? बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. अगदी सहज.

रक्ताचा रिपोर्ट आला. माझ्या रक्तात शिसं, आणि बोटांची सूज म्हणजे संधिवात, कधीच नीट औषध न घेतलेला. डॉक्टरीणबाईने मला समजेल असं सांगितलं. हाड म्हणजे दगड नव्हे, म्हणाली, ते रोज थोडं उकरलं जातं आणि रोज थोडं भरलं जातं. उकरणारी टोळी वेगळी, भरणारी वेगळी. दोघी बरोबरीने राबल्या की हाड भक्कम राहतं. पण अंगात वर्षानुवर्षं सूज असली की उकरणाऱ्यांना सुट्टी म्हणून मिळत नाही. आणि शिसं म्हणजे एक नंबरचं लबाड. कॅल्शियमचं सोंग घेऊन हाडात शिरतं आणि बिऱ्हाड थाटून बसतं. भरणाऱ्या टोळीला ते धड काम करू देत नाही. म्हणून हाडं पोकळ झाली, आणि मोडलेलं जुळेना. मी म्हटलं, पण मी तर भट्टीला हातही लावला नाही. ती म्हणाली, “भट्टीच कपड्यांवर बसून तुमच्याकडे आली ना.” बबडी, ते कपडे मी धुण्याआधी दारात झटकायची. करडी धूळ उडायची. मला वाटायचं, किती टापटिपीची बाई मी.

बाबांनी तीन दिवस भट्टी पेटवली नाही. शेडमध्ये स्टुलावर बसून राहायचे. चौथ्या दिवशी घण उचलला आणि भट्टी फोडायला निघाले. मी काठी टेकत धावले, “अहो, धूळ उडेल!” डॉक्टरीणबाईने बजावलंच होतं, झाडू मारायचा नाही, सगळं ओलं करून पुसायचं. मग या माणसाने, ज्याने जन्मात कधी फडकं हातात धरलं नव्हतं, तोंडाला मास्क लावून शेड पाण्याने भिजवली, भट्टी विटेविटेने उतरवली आणि अख्खं घर पुसून काढलं. खिडक्यांचे कठडे, फळ्या, पंख्याची पाती. भट्टीचं सामान आणि अंगणातली वरची माती सरकारी माणसं येऊन झाकलेल्या गाडीतून घेऊन गेली. बाबांचं स्वतःचं रक्त तपासलं तर शिसं माझ्या दुप्पट निघालं. हात थरथरायचा तो त्यामुळेच असेल. मीठ घालताना निम्मं ओट्यावर सांडायचं आणि मी चिडायची.

आता ते एका दुकानात तयार, बंद बॅटऱ्या नुसत्या बसवून देतात. “यात कसली आलीय कारागिरी!” अशी कुरकुर रोजची. पण तिथेच आंघोळ करून, कपडे बदलून घरी येतात. एकदा चहा पिता पिता कपाकडे बघत म्हणाले, “मी तुझी हाडं खाल्ली.” मी म्हटलं, “माझं डोकं तर तीस वर्षं खाताय, त्याचं काय?” हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. मी पहिल्यांदाच बघितलं त्यांना तसं. त्यांना तरी कुठे ठाऊक होतं? ज्यांच्याकडून काम शिकले, त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

मग माझं ऑपरेशन झालं, कमरेच्या हाडाचा तुकडा काढून फटीत भरला, धातूची पट्टी बसवली, संधिवाताचं औषध सुरू झालं. आता बोटांची सूज बरीच उतरली आहे, हे अक्षर बघ ना. गेल्या आठवड्यातल्या फोटोत फटीवर ढगासारखा पांढुरका पूल दिसला. डॉक्टरीणबाईने तो खिडकीशी धरून मला दाखवला, आणि माझ्यापेक्षा तिलाच जास्त आनंद झाला.

तिने आणखी एक विचारलं होतं. गर्भ कधी पडले होते का? तुला हे ठाऊक नाही. तुझ्यानंतर दोनदा दिवस राहिले आणि गर्भ पडला, दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात. तुझी आजी म्हणाली, हिनेच हयगय केली. मी ते खरं मानलं. पाणी भरलं म्हणून, वाकले म्हणून, जिना चढले म्हणून, शोधून शोधून स्वतःचे अपराध काढले. डॉक्टरीणबाई म्हणाली, “आता छातीठोकपणे नाही सांगता येणार, पण शिशामुळे असं होऊ शकतं. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.”  तेवीस वर्षांनी कुणीतरी हे म्हणालं होतं. मग ती म्हणाली, “मुलगी त्याच घरात वाढली का?”

हो, त्याच घरात. शेडच्या उंबऱ्यावर बसून तू पाढे पाठ करायचीस. बाबांनी खेळायला ओतून दिलेली शिशाची इवलीशी चिमणी तोंडात धरूनच झोपायचीस. ते शिसं हाडात पंचवीस-तीस वर्षंही राहतं म्हणे, आणि बाईला दिवस गेले की बाळासाठी हाडातून कॅल्शियम निघतं त्याच्यासोबत रक्तात उतरतं. बबडी, मागच्या वर्षी तुझं बाळ गेलं, तेव्हा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी तुला म्हणाले होते, “इतकी धावपळ कशाला केलीस? जपायचं होतंस गं.” तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. आजीने मला दिलेलं तेच मी तुझ्या हातात ठेवलं, आणि तेही तू उभी राहू शकत नव्हतीस तेव्हा. ते शब्द मी मागे घेते. तुझी चूक नव्हती. कारण काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही, पण तुझी चूक नव्हती. जावयांनी परवा बाबांना फोन केला होता. तिसरा महिना लागलाय, हे तू मला सांगितलं नाहीस, आणि का नाही तेही मला कळतं. रागावू नकोस त्यांच्यावर. सोबत डॉक्टरीणबाईची चिठ्ठी जोडली आहे, ती तुझ्या डॉक्टरांना दाखव आणि रक्तातलं शिसं तपासून घे. साधी सुई टोचतात, बाकी काही नाही. तू अठराव्या वर्षी घर सोडलंस, त्यामुळे कदाचित काहीच निघणार नाही. निघालं तर काय करायचं ते त्यांना ठाऊक असतं, वेळेवर कळायला मात्र हवं. मी यावं असं वाटलं तर कळव, काठी घेऊन येईन. नको वाटलं तरी मला वाईट वाटणार नाही. पण तपासणी उद्याच कर.

तुझीच, चुकलेली पण तुझीच,
आई