मधलं दार

३ मार्च
आलो एकदाचे! सामान अजून खोक्यांतच आहे, पण आई खिडकीशी बसून हसतेय, तेवढं मला पुरे. बदकांच्या रोगावर काम करणारी प्रयोगशाळा म्हटल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. त्यांना काय माहीत, इथे राहायला क्वार्टरही मिळतं! एका जुन्या घराचे दोन भाग केलेत आणि मधल्या भिंतीत दार तसंच ठेवलंय. पलीकडे निवृत्त शिक्षिका काकू राहतात. कडी त्यांच्या बाजूला. तुम्ही कामावर गेलात की मी इथूनच येऊन तुमच्या आईंकडे, माईंकडे, बघत जाईन, बाहेरून वळसा कशाला, असं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. डोक्यावरचं ओझं उतरलं.

९ मार्च
सरांनी काम समजावलं. बदकांचा हा विषाणू नागिणीच्या विषाणूच्या भाऊबंदांतला; एकदा शिरला की अंगात दडी मारून बसतो. आजारी बदकाला उजेड सोसत नाही, पंख ओघळतात, तहान भागत नाही. विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असतं. त्याच्या जोरावर तो एका पेशीतून शेजारच्या पेशीत परस्पर सरकतो. बाहेर पडतच नाही, मग रक्तातले पहारेकरी पकडणार कुणाला? तुमच्या काकूंसारखंच, मधल्या दाराने, असं सर हसून म्हणाले. आम्ही ते प्रथिन काढून टाकलंय. मूळ विषाणू बशीतल्या पेशींच्या थराला बटणाएवढी भोकं पाडतो. आमचा जेमतेम टाचणीच्या टोकाएवढी. यातूनच लस व्हायची आहे.

२ एप्रिल
दमले. शेड, बशा, स्वयंपाक, आईची औषधं. काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात, आई दिवसभर भिंतीकडे बघत बसते. आमचा विषाणू टोचलेली बदकं ठणठणीत आहेत, पण प्रयोग संपला की त्यांनाही मारायचं असा नियम. आज एक टॉवेलखाली लपवून घरी आणलं. विषाणूचे पाय आम्हीच मोडलेत, काय व्हायचंय? त्याला खायला काय घालायचं यावरून आई माझ्याशी कडाकडा भांडली. किती दिवसांनी! फार बरं वाटलं.

१४ एप्रिल
आईने पडदे ओढून घेतलेत. उजेड टोचतो म्हणते. मोतीबिंदू असेल. दवाखान्यात न्यायला हवं, पण रजा कुठून आणू? पाण्याचा तांब्या सारखा भरावा लागतो. मी वैतागते आणि मग माझीच मला लाज वाटते. बदक मात्र मजेत आहे.

१९ एप्रिल
आईचे हात खांद्यापासून ओघळलेत. घास मी भरवते.
मनात आलं ते सरांना बोलले नाही. गुपचूप तिची लाळ बशीत टाकली.

२२ एप्रिल
भोकं बटणाएवढी.
म्हणजे प्रथिन परत आलंय. पण आम्ही काढलं होतं ते नव्हे. जनुकांचा क्रम दोनदा ताडून पाहिला. हे बदकाच्या विषाणूचं नाहीच, माणसाच्या पेशीतलं आहे. आम्ही त्याचं दार बुजवलं, त्याने आईकडून नवं घेतलं.
मी आणलं ते घरात. मी.

२३ एप्रिल
सरांना फोन केला. उद्या माणसं येतील, तोवर कुणाला आत घेऊ नका म्हणाले. पुढच्या दाराला आतून कुलूप घातलं.
खिडकीच्या फटीतला उजेड डोळ्यांत सुईसारखा — नाही, झोप नाही म्हणून असेल. पाणी प्यायले. पुन्हा प्यायले.

२४ एप्रिल
सरांची माणसं अजून आली नाहीत. पलीकडे बाळ रडतंय.
काकू आल्या. लेक आणि नात घेऊन. मधलं दार! ते माझ्या डोक्यातच —
कडी त्यांच्याकडे. दार उघडतंही त्यांच्याच बाजूला, कपाट लावून उपयोग नाही. ओरडायला गेले, घशातून आवाज नाही. मूठ आपटायला हात उचलत नाही. बोटं तेवढी चालतात.
हेच पान दाराखालून सरकवते. काकू, उघडू नका, आमच्या घरात —
नको. पानावर माझी लाळ गळलीय.
काकू हाका मारतायत. माई, नात आणलीय बघा म्हणे.
आई उठली. इतक्या दिवसांनी, आपली आपण. हसतेय, दाराशी —
कडी वाज