बाजूले कोण बसते

९ फेब्रुवारी

सासूबाईंना आज अकोल्याहून घरी आणलं. पडून मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, सहा महिने खाली बसायचं नाही, मग पाहू.

खाली न बसता बाजार कसा होणार? शेलूबाजारच्या आठवडी बाजारात आई त्यांचं लग्न झाल्यापासून एकाच जागी घरची हळद घेऊन बसतात. चैत्र-वैशाखात बायका वर्षाची हळकुंडं त्यांच्याकडूनच नेतात. या वर्षी बायका येतील, आई नसतील.

हर्षल त्यांचाच मुलगा; म्हणाला, यंदा सगळी व्यापाऱ्याला देऊन टाकू. आईंनी भिंतीकडे तोंड केलं.

१२ फेब्रुवारी

जागेबद्दल मीच विषय काढला. आई म्हणाल्या, "जगदेव हाय तिथं. जागेचं डोक्यात घेऊ नको."

जगदेवभाऊ त्यांच्या शेजारी लसूण मांडतात. बाजाराची रीत आहे: माणूस आजारी पडलं की शेजारी त्याच्या जागेवर पोतं टाकून ठेवतो. तिथं दुसरं कोणी बसत नाही. चला, म्हणजे एक हंगाम काढायचा आहे. एवढंच.

१६ फेब्रुवारी

हळद इंटरनेटवर विकायची. कल्पना माझी. कॉलेजने या सत्रात मराठीचे तास दिले नाहीत, त्यामुळे वेळही माझाच. हर्षल हसला, पण फोटोसाठी मोबाइल पुसून दिला.

१९ फेब्रुवारी

दिवसभर होस्टिंगच्या कंपन्या वाचत होते. आईंना सांगितलं: इंटरनेटवरही दुकानाला जागा लागते, ती भाड्याने मिळते. स्वस्त जागा घेतली तर एकाच सर्व्हरवर शेकडो दुकानं असतात.

त्यांनी विचारलं, "बाजूले कोण बसते?"

मला माहीत नव्हतं.

"इचार मंग."

मी ज्या कंपनीचं जवळजवळ ठरवलं होतं, तिच्या चॅटवर विचारलं. आधी यंत्राने माझ्या संयमाबद्दल आभार मानले. मग एक माणूस आला. म्हणाला, मॅडम, ते सांगता येत नाही, आणि हे आजवर कोणी विचारलंही नाही. तो सभ्य होता.

आईंना उत्तर सांगितलं. "घासलेटवाल्याच्या बाजूले हळद कोण घेईन?" म्हणाल्या, आणि चहा मागितला.

नंतर वाचलं, तर प्रश्न अगदीच वेडा नव्हता. बाजूच्या दुकानावर फार गर्दी झाली की आपलं दुकान मंदावतं. बाजूचा फालतू मेल पाठवू लागला की आपलेही मेल अडकतात.

२४ फेब्रुवारी

कारंज्याला जाऊन आले. तिथे हरीओम नावाचा मुलगा कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. मुंबईच्या एका कंपनीचा सर्व्हर भाड्याने घेतो आणि त्यावर जिल्ह्यातली दुकानं बसवतो. मोठ्या कंपनीपेक्षा महाग. मी आईंना फोन लावून त्याच्या हातात दिला. त्याने एकेक शेजारी सांगितला— रिसोडचा ठिबकवाला, मंगरूळपीरचं साड्यांचं दुकान, एक मंगल कार्यालय. साडीवाल्याचा बाप कोण, इथपर्यंत चौकशी झाली.

मला मात्र एकट्या माणसाची भीती वाटत होती. विचारलं, तू लग्नाला गेलास आणि दुकान बंद पडलं तर?

"लग्नात फोन उचलतो, वहिनी. मौतीले गेलो त नाही उचलत."

निदान खरं बोलला. शिवाय रोज दोन ठिकाणी बॅकअप घेतो, तो समोर उघडून दाखवला. मोठ्या कंपनीला मी तेही विचारलं नव्हतं.

२७ फेब्रुवारी

हरीओमच ठरला. पण किती मुदतीचा प्लॅन, यावरून घरात वाद.

मी म्हटलं, महिन्या-महिन्याने घेऊ. पावसाळा सरेपर्यंत आई बाजारात परत बसतील, मग हे दुकान लागणार नाही.

"सगळ्यात लंबा कोणता हाय?"

तीन वर्षांचा.

"तो घे."

मी पुन्हा समजावलं. उगाच पैसे अडकतील. आई म्हणाल्या, पैसे माहे हायत, तुह्या बापाचे नाहीत. हर्षल त्यांच्या बाजूने गेला. तीन वर्षांचा घेतला. हट्टापुढे इलाज नाही.

१४ मार्च

दुकान उघडलं! बाजारात बायका हळकुंड मोडून आतला रंग बघतात, मगच घेतात. म्हणून आईंनी एक मोडलं आणि तळहात पुढे केला. तोच फोटो पहिल्या पानावर टाकला. तळहातही पिवळाच आहे. धुऊनही जात नाही.

२१ मार्च

कोणी नाही.

२ एप्रिल

अमरावतीची एक ऑर्डर. ओळखीची नाही, नातेवाईक नाही. हर्षलने पार्सल असं बांधलं की उघडायला त्या बाईंना विळा लागेल.

९ एप्रिल

सकाळपासून दुकान बंद. मुंबईचं यंत्र बिघडलं. हरीओम फोन उचलतो, पण "करून राह्यलो, वहिनी" यापलीकडे त्याच्याकडे काही नाही. ऐन चैत्र. ऑर्डरी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. पान उघडलं नाही तर माणूस परत कशाला येईल? आई वर्षभर ज्या महिन्यांची वाट बघतात, ते हेच महिने.

मी म्हटलं, मोठी कंपनी घ्यायला हवी होती. आई जेवल्या नाहीत.

१० एप्रिल

दुपारी हरीओमचा फोन. सर्व्हर अजून बंद. पण त्याच्या स्वतःच्या दुकानाचं पान दुसरीकडे असतं. त्यावर त्याने कालच आमची हळद मांडली होती, आणि आमच्या पत्त्यावर येणाऱ्याला तिकडे वळवलं होतं. न विचारता. उघडून पाहिलं: प्रिंटरची शाई, माऊस, कीबोर्ड, आणि त्यांच्या मधोमध आईंचा तळहात.

ऑर्डरी आल्या होत्या. वाशिमच्या एका बाईंनी शाईच्या बाटलीसोबत हळद मागवली होती.

आईंना यात नवल वाटलं नाही. जगदेवभाऊ टायफॉइडने पडले होते, तेव्हा त्यांचा लसूण आपण आपल्या पोत्यावर विकला होता, म्हणाल्या. पैसे संध्याकाळी घरी पोचवले होते.

११ एप्रिल

दुकान सुरू. एकही नोंद गेली नाही. हरीओमचे आभार मानले.

"आभार कायचे, वहिनी? बाजूले बसतो ना मी."

मी भाषा शिकवते. त्याचं वाक्य इथे जसंच्या तसं उतरवलं.

६ मे

आई उंच स्टुलावर बसून पुड्या भरतात. बाजारातल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या मुली आता फोनवरून मागवतात. काहींना आधी आईंशी बोलायचं असतं, मग भाव, मग तब्येत, मग परत भाव. दिवसभर घरात बाजार भरलेला असतो. आई माझ्यावर ओरडतात, वजन पक्कं करायला लावतात. फेब्रुवारीत त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं, तेव्हा मी फार घाबरले होते. आज त्या ओरडल्या की बरं वाटतं.

२ जून

हळद संपली. व्यापाऱ्याला एक कण द्यावा लागला नाही. हर्षल म्हणतो, यंदा बेणं जास्त लावू. कोणाकोणाचे आभार मानावेत? हरीओमचे. त्या सभ्य चॅटवाल्याचेही, खरं बोलल्याबद्दल.

११ ऑगस्ट

डॉक्टरांनी आज खाली बसायची परवानगी दिली. मला रडूच आलं. परत येताना एसटीत आईंना म्हटलं, जगदेवभाऊंना निरोप देते. पुढच्या बाजारी पोतं उचला, आई येताहेत.

आई खिडकीबाहेर बघत होत्या.

"ते जागा त्याच्या सुनेले देल्ली म्या."

कधी?

"मी पडली त्याच दिवशी."