थांबवायची खूण

दि. ४ फेब्रुवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक आहोत. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? थोरलीची परीक्षा संपली, धाकटीची दाढ अखेर काढली. तुझ्या चक्कीचा पट्टा पुन्हा तुटल्याचं कळलं. माप कळव, इथून चांगला पाठवतो.

फोन असताना पत्र कसलं, असं म्हणशील. फोनवर तू बोलतोस आणि मी हो-हो करतो, म्हणून.

बातमी अशी की मला मुकादम करताहेत. क्रेनच्या टोळीचा. म्हणजे बारा वर्षांपूर्वीची तुझीच जागा. तुझ्यानंतर आलेला मुकादम आता निवृत्त होतोय. साहेबांनी बोलावून सांगितलं, "टोळीत सगळ्यात सावध तुम्ही. दहा तारखेपर्यंत सांगा." मी म्हटलं, "बघतो." ते हसले. "अहो, बढती आहे, शिक्षा नाही."

दादा, मला भीती वाटते. ओझं बांधायचं काम मी झोपेतही करीन. पण मधोमध उभं राहायचं, बोट वर करून गोल फिरवायचं, आणि त्या बोटाच्या भरवशावर अकरा टनांचं धूड माणसांच्या डोक्यांवर चढणार! माझं बोट कुणाच्या भरवशाचं आहे?

घरी भिंतीसमोर उभा राहून खुणा करून पाहतो. वर. खाली. हळू. ही स्वयंपाकघरातून बघत होती. म्हणाली, "पंखा हवाय का? बटण तिकडे आहे." मीही हसलो. पण 'थांबा'ची खूण करायला गेलो, दोन्ही हात आडवे पसरायची, की माझे हात छातीपाशीच अडकतात. भिंतीसमोरसुद्धा.

सकाळी देवापुढे बसतो. तोंडात नाव असतं आणि डोळ्यांसमोर दोर.

आपली शाळा आठवते का? एकाच खोलीत चार वर्ग. गुरुजी प्रश्न विचारायचे, मला उत्तर यायचं आणि बोट वर जायचं नाही. मग मागच्या ओळीतून तू ओरडायचास, "गुरुजी, याला येतंय!"

त्या दिवसाबद्दलही थोडं लिहायचं होतं. पण पान संपत आलं.

जागा घेऊ का? तू म्हणशील तसं.

तुझा,
धाकटा


दि. १३ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार. तुझं कार्ड नऊ तारखेला मिळालं. "घे. फक्त माझ्यासारखा बेसावध राहू नकोस." एवढंच. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. का, ते शेवटी लिहितो म्हणणार होतो, पण शेवटी म्हटलं की माझं पान संपतं. मी मला ओळखतो. या वेळी जास्तीचे कागद घेऊन बसलोय.

जागा घेतली. परवा पहिला दिवस. मोठी विजेची मोटार उचलून पलीकडच्या चौथऱ्यावर ठेवायची होती. मी दोर एकदा तपासला, दोनदा तपासला. तिसऱ्यांदा वाकलो तेव्हा टोळीतून आवाज आला, "मुकादम, दोराशी लग्न लावायचंय का?" सगळे हसले. वर क्रेनच्या केबिनमध्ये आपला क्रेनवाला, कावळा. तोच तो, तुझ्या वेळचा, अजून तसाच वरून काव काव करतो. "अरे, आज उचलायचंय की उद्या?"

बोट वर केलं. गोल फिरवलं. मोटार जमिनीपासून हातभर सुटली, आणि मला हुकाजवळ काहीतरी सुटलेलं दिसलं. दादा, मी विचार केला नाही. हात आडवे झालेले मला नंतर दिसले. मोटार जागच्या जागी थांबली.

साहेब आले. "काय झालं?"

"माहीत नाही साहेब. खाली घ्यायला सांगतो."

खाली घेतली. पाहिलं तर ग्रीसला चिकटलेली सुतळी. वीतभर. वीस मिनिटं गेली आणि सगळी शेड हसली. कावळा वरून ओरडला, "मुकादम सुतळीला भ्याला!" तेव्हापासून माझं नाव सुतळी.

मी पाणी प्यायला बाजूला गेलो. चहाच्या वेळी कावळा खाली उतरला, शेजारी बसला. त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहितो. "सुतळ्या, एक सांगू? मला वरून दोर दिसत नाही. तुमचे हात दिसतात फक्त. तुझ्या भावाच्या वेळी कुणी खालून हात आडवे केले असते, तर मी थांबलो असतो. बारा वर्षं मी हाच विचार करतोय. कुणाला दिसलं नसेल, दुसरं काय." आणि तो बशीतला चहा प्यायला.

आता ऐक.

मला दिसलं होतं. दोर तू सकाळी वीत-वीत तपासला होतास, मी बरोबर होतो. दोराच्या पोलादी तारा दुपारी सुटल्या, तुझ्या उलट बाजूला. तू उभा होतास तिथून तुला त्या दिसणंच शक्य नव्हतं. मी सहा पावलांवर होतो, मला दिसत होत्या. चार तारा, झाडूच्या काड्यांसारख्या बाहेर आलेल्या. तू बोट वर केलंस. माझे हात उठले, छातीपर्यंत आले. मनात आलं, दादा आहे, त्याने पाहिलं असेलच. साहेबांसमोर थांबवणारा मी कोण? एवढा विचार व्हायला किती वेळ लागतो? तेवढाच लागला. दोर तुटला. मग तुझा पाय.

चौकशीत विचारलं, दोर खराब झालेला कुणी पाहिला होता का. सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या, मीही हलवली. कागदावर आलं, 'मुकादमाचे लक्ष नव्हते'. अधू पायानेही तुला सामानाच्या खोलीत कामाला ठेवलं असतं. त्या ओळीने तुझी नोकरी गेली. आणि तू ती ओळ खरी मानलीस. भेटलास की म्हणतोस, कार्डावरही लिहितोस. बेसावध तू नव्हतास, दादा.

काल टोळीला गोळा करून सांगितलं, उचला म्हणायचं ते मी एकट्याने, पण थांबा कुणीही म्हणावं. झाडणाऱ्या मावशींनीसुद्धा. कारण विचारणार नाही. एकाने विचारलं, "आणि सुतळी निघाली तर?" म्हटलं, "तर तूही सुतळी." हसले सगळे. मी हे बोलत होतो आणि आतून वाटत होतं, हे सांगायचा अधिकार मला कुठला?

म्हणून सोमवारी साहेबांना सगळं लेखी देतोय. कागद तयार आहे, देवापुढे ठेवलाय. मुकादमकी जाईल, कदाचित नोकरीही. हिला सांगितलं. म्हणाली, "आधी भावजींना." तिचं बरोबर होतं, म्हणून हे पत्र.

साहेबांची भीती आहे. पण खरी भीती तुझ्या पुढच्या कार्डाची आहे. हे लिहितानाही हात थांबू पाहतोय.

एक मागणं आहे. साहेबांना फोन करू नकोस. झालं गेलं, पोराला सांभाळा, असं म्हणशील, मला माहीत आहे. या वेळी मागच्या ओळीतून ओरडू नकोस.

पट्ट्याचं माप वहिनींकडून कळलं. पट्टा पाठवला आहे.

तुझा,
ज्याला त्या दिवशीही येत होतं,
तो धाकटा